सही, ऊन आणि ओलं कुंकू

मित्रांनो, मी बेसबॉलचा एक जुना चेंडू आहे आणि मला उन्हाची भीती वाटते. माझे भाऊबंद उन्हातच टोले खातात, मग मीच असा भित्रा कसा? कारण माझ्या पांढऱ्या कातड्यावर निळ्या बॉलपेनने केलेली एक सही आहे. ती पुसली गेली, तर मला कुणी ओळखणार नाही.

माझ्या पोटात रबरात लपेटलेली बुचाची गोळी आहे. तिच्याभोवती लोकरीचा धागा घट्ट गुंडाळलेला आहे, आणि वरचं कातडं लाल दोऱ्याने हाताने शिवलेलं आहे. सामन्यात मी एकदाच फेकला गेलो. लॉनी हार्गेट नावाच्या गोलंदाजाने मला फेकलं, फलंदाजाचा टोला तिरका बसला आणि मी प्रेक्षकांतल्या हेमचंद्र नावाच्या तरुणाच्या मांडीवर येऊन आदळलो.

बेसबॉलमध्ये प्रेक्षकांत गेलेला चेंडू ज्याला मिळेल त्याचाच होतो. नागपूरहून नुकत्याच अमेरिकेत आलेल्या, क्रिकेटवर वाढलेल्या हेमचंद्रला हे कुठे ठाऊक? सामना संपल्यावर तो मला प्रामाणिकपणे परत करायला गेला. हार्गेट पोट धरून हसला. "चेंडू परत आणणारा तू पहिलाच!" असं म्हणून त्याने माझ्यावर सही केली आणि मला पुन्हा हेमचंद्रच्या हातात ठेवलं.

तेव्हापासून हेमचंद्रला हार्गेटचं वेडच लागलं. त्याच्या सहीची टोपी, फोटोकार्डं, एक बॅटसुद्धा घरात आली. पण मानाची जागा माझी होती. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँड गावातल्या घरात काचेच्या कपाटात, मोठ्या खिडकीसमोर मी बसलो. पाहुणे माझं कौतुक करत. दुपार झाली की टेक्सासचं ऊन सरकत सरकत माझ्यापर्यंत येई आणि मी गप्प बसून जळत राही. प्रकाशातले अतिनील किरण शाईच्या रंगाचे रेणू तोडतात. ते तुटताना आवाज होत नाही, म्हणून कुणाला काही कळलं नाही.

कळलं ते ऋताला. ही हेमचंद्रची पुतणी, ह्यूस्टनला रसायनशास्त्र शिकते.

"काका, सही बघितलीत का? निम्मी उडालीय."

"काहीतरीच काय! माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय."

"चष्मा माझाही आहे. याला अंधारात ठेवा, आजच."

हेमचंद्रचा चेहरा उतरला. हार्गेट आता थकला होता, आजारपणात त्याचा उजवा हात गेला होता. नवी सही मिळणार नव्हती.

"देवघरात ठेवू," उत्तराकाकू म्हणाल्या. त्यांचं देवघर भिंतीतल्या कपाटात होतं, दार लावलं की काळोख. "अहो, याला टाके किती असतात म्हणालात?"

"एकशे आठ. का गं?"

"मग जपमाळच की! देवाजवळच शोभेल."

मला हायसं वाटलं. पण ते सुख फार टिकलं नाही. खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातल्या आयुधांची पूजा करतात. काकूंनी पाटावर गाडीच्या किल्ल्या, हेमचंद्रचा पाना, लॅपटॉप, ऋताचा प्रयोगशाळेतला चष्मा असं सगळं मांडलं. आणि मध्यभागी मला ठेवलं.

काकू एकेका वस्तूला हळदकुंकू लावत माझ्याकडे येऊ लागल्या. कुंकू पाण्यात कालवलेलं होतं. पान्यावर ते पुसता येतं, पण कातडं पाणी पितं. ते लाल बोट जवळ येताना दिसत होतं आणि मला ओरडता येत नव्हतं. काकूंनी भक्तिभावाने डोळे मिटले आणि बोट टेकवलं, नेमकं सहीच्या शेवटच्या अक्षरावर.

"उत्तरा! अगं, काय केलंस हे!" हेमचंद्र धावत आला. त्याने मला उचललं, दुसऱ्या हाताने सॅनिटायझरची बाटली घेतली आणि कापसावर दाबली.

मित्रांनो, माझा खरा थरकाप तेव्हा उडाला. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं आणि बॉलपेनची शाई त्यात विरघळते. इतकी वर्षं मला जपणारा माणूसच एका पुसण्यात मला कोरा करणार होता. कापूस इतका जवळ आला की त्याचा गार वास मला आला.

"काका, थांबा! हात लावू नका!" ऋता दारातूनच किंचाळली.

हेमचंद्रचा हात हवेत थांबला. ऋताने हळूच कापूस काढून घेतला. "वाळू दे आधी. अल्कोहोलने सहीच गेली असती, यार काका!"

काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. कुंकू वाळल्यावर ऋताने कोरड्या मऊ ब्रशने ते झटकलं. एक गुलाबी डाग राहिला. त्याखाली शेवटचं अक्षर दिसत होतं, फिकं, पण होतं.

"वाचली," हेमचंद्र पुटपुटला आणि तिथेच जमिनीवर बसला.

"पुढच्या वर्षी लांबूनच अक्षता टाकीन हो," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "मला मेलीला काय कळतंय!"

"आणि मला तरी कुठे कळलं?" हेमचंद्र म्हणाला.

आता मी जाड खोक्यात, अंधारात असतो. झाकण उघडलं की अजूनही धस्स होतं. मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणीतरी असेल. त्याला ऊन सोसतं का, पाणी चालतं का, हे आधी विचारून घ्या. आम्हाला "थांबा" म्हणता येत नाही. म्हणून कितीही प्रेमाने हात पुढे केलात, तरी आम्हाला लावण्याआधी क्षणभर तुम्हीच थांबा.