राहिलेलं सोनं

संयोगितानं प्रयोगशाळेतल्या उबेच्या कपाटातून काचेची बशी काढली आणि आईला दिसेल अशी धरली. बशीत गुलाबी पाणी होतं. त्याच्या तळाशी तिच्या वडिलांच्या, आकारामांच्या, फुप्फुसातल्या गाठीच्या पेशी होत्या. ऑपरेशनच्या वेळी त्यांनीच प्रयोगासाठी सही करून दिल्या होत्या. आकारामांना जाऊन एकवीस दिवस झाले होते, पेशी मात्र वाढतच होत्या.

प्रयोग संपला होता. प्रयोगशाळेच्या सरांनी बशी टाकून द्यायला सांगितलं होतं. ती रोज हो म्हणायची आणि रोज पेशींचं पाणी बदलायची. रडू एकदाही आलं नव्हतं. जेवण जात होतं, झोप लागत होती, आणि स्वतःचीच तिला भीती वाटायला लागली होती.

आज रविवार, प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं. आई विट्याहून पहिल्या एसटीनं सांगलीला आली ती एकच सल घेऊन. जाताना आकारामांच्या तोंडात सोनं घालायचं राहिलं होतं. तीस वर्षं मदुराईत गलाईचं दुकान चालवून ज्यानं लोकांचं सोनं शुद्ध करून दिलं, तो माणूस तसाच गेला. त्यांचे चार भाऊ चार शहरांतून धावत आले, तेही गलाईवालेच. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं घातलं असेल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. चिता पेटल्यावर सगळे एकमेकांची तोंडं बघत राहिले.

"तुमी पेशींत सोनं सोडता न्हवं?" आईनं विचारलं.

प्रयोगशाळेत सोडत होते खरे. सोन्याचे इतके बारीक कण, की निळ्या उजेडात ते लाल चमकायचे आणि जिवंत पेशी त्यांना आपणहून गिळायच्या. संयोगितानं हे घरी कौतुकानं सांगितलं होतं. एवढं बारीक सोनं आमच्या दुकानाच्या केरातसुद्धा घावायचं न्हाई, असं म्हणून वडील हसले होते.

"आई, ही गाठ हाय. हिनंच नेलं आबास्नी."

"असू दे. त्यांच्याच अंगातली हाय."

संयोगितानं सोन्याचं पाणी मोजून बशीत सोडलं. चार तास आई बाहेरच्या बाकावर बसून राहिली, चहासुद्धा नको म्हणाली.

दुपारी सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर काळ्या पेशींच्या पोटात लाल ठिपके दिसायला लागले. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बराच वेळ बघितलं.

"गेलं आत?"

"गेलं."

"मग आता सोड त्यास्नी, बाळा."

संयोगिता बशी घेऊन बेसिनपाशी गेली. तिनं ब्लीचची बाटली उघडली, नेहमीचं माप घेतलं आणि ओतलं. गुलाबी पाणी बघता बघता रंगहीन झालं.

जीव जायला किती वेळ लागतो, असं आईनं हळूच विचारलं. दहा मिनिटं, एवढंच संयोगिता म्हणाली. हुंदका आला तो आवरेना. आईनं तिच्या हातातली बाटली काढून बाजूला ठेवली.

"थांबू की मग," ती म्हणाली, आणि दोघी बशीपाशी उभ्या राहिल्या.