ऐकायची सोय असलेला कॉम्प्युटर

ज्याला सगळे कानसेन म्हणून ओळखतात त्याचेच कान जावेत, याला काय म्हणावं! दैवाला खोडी काढायची असली की ते नेमकं मर्मावर बोट ठेवतं, दुसरीकडे कुठे ठेवत नाही.

कानसेन हे गॅरेजमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रींचं टोपणनाव, आणि ते काही उगाच पडलेलं नव्हतं. गाडी फाटकातून आत शिरते न शिरते तोच "तिसऱ्या सिलिंडरचा प्लग बघा" असं सांगणारा हा माणूस. लाकडी मुठीचा एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग इंजिन आपल्या पोटातलं सगळं त्यांना सांगून टाकायचं.

पण अलीकडे बारीक आवाज एकेक करून पसार झाले होते. आधी पाखरं गेली, मग घड्याळाची टिकटिक, मग फोनची घंटी. म्हातारबुवांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. आसपास कुणी नसलं की ते स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला न लावता दातांत धरायचे, हाडांतून थोडंफार ऐकू यायचं. त्यांना भीती एकच होती. कान गेल्याचं कळलं की दाराशी खुर्ची टाकून देतील आणि "बाबा, आता तुम्ही आराम करा" म्हणतील. आराम या शब्दाची त्यांना शिसारी होती.

गॅरेज आता सून चालवायची. मुलगा जहाजावर इंजिनं सांभाळायला, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. सून हाताची पक्की आणि डोक्यानं तल्लख होती, हे सासऱ्यांना मनातून मान्य होतं. मोठ्यानं म्हणायचं नव्हतं, इतकंच. तक्रार होती ती वेगळीच. पूर्वी ही पोरगी काम करता करता, मान खाली घालून, हळू बोलायची. हल्ली मात्र हातातलं टाकून थेट पुढ्यात येऊन उभी राहायची आणि डोळ्याला डोळा भिडवून खणखणीत आवाजात बोलायची.

"कारभार हाती आला की आवाज चढतोच माणसाचा," ते बायकोला म्हणायचे. बायको त्यावर काय म्हणायची ते त्यांना ऐकू यायचं नाही.

वाद पेटला तो त्यांच्या लाल गाडीवरून. गाडी जुनी, जिवापाड जपलेली. तिला त्यांनी स्वतःच्या हातांनी मोठा टर्बो बसवला होता, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. पण गाडीचा मूळचा कॉम्प्युटर बिचारा जुन्याच हिशोबानं पेट्रोल सोडायचा आणि ठिणगी पाडायचा. घरात चार पाहुणे वाढले तरी तेवढाच स्वयंपाक करावा, तशी गत. चढावर गाडी धापा टाकायची. आणि ठिणगीची वेळ अंदाजानं बदलावी, तर ती घाईनं पडली की इंजिन आतून टकटक करतं आणि शेवटी पिस्टनला भोक पाडतं. नेमकी ती बारीक टकटकच म्हातारबुवांना ऐकू येत नव्हती.

"बाबा, नवा कॉम्प्युटर बसवू या," सून म्हणाली. अर्थातच पुढ्यात येऊन.

"इतकी वर्षं असल्या कॉम्प्युटरच्या डब्यांशिवाय इंजिनं लावली मी."

"लावलीत ना. हेही लावू. पण आधी पारखून घेऊ."

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिनं वायरींचे नकाशे पसरले. म्हातारबुवांनी वर्तमानपत्र उघडलं, पण पान काही उलटलं नाही.

"हा एक स्वस्तातला," ती म्हणाली. "मूळच्या कॉम्प्युटरच्या वायरींत मध्येच बसतो आणि त्याला थापा मारतो. हवा आहे त्याहून कमी सांगतो, जास्त सांगतो, आणि आपलं काम काढून घेतो."

"म्हणजे थापाड्या."

"हो. आणि थापाड्याचं काय होतं, एक थाप झाकायला दुसरी मारावी लागते. शेवटी सगळं अंगाशी येतं."

म्हातारबुवांनी उगाचच पाण्याचा पेला उचलला.

"दुसरा प्रकार मूळच्याला उठवून स्वतः त्याच्या जागी बसतो. काम वाढतं, पण सगळं खरं चालतं. त्यात दोन मिळतात. एकाला रंगीत पडदा आहे, झकास दिसतो. दुसऱ्याला पडदा नाही, पण ऐकायची सोय आहे. इंजिनावर सेन्सर बसवला की त्याला टकटक कळते."

"पडद्याचा घे," ते घाईनं म्हणाले.

"पडदा काय चाटायचाय? ऐकणाराच घ्यायचा."

बस्स. म्हणजे आता ऐकायलाही डबा आला. म्हातारबुवांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि भूक नाही म्हणून उठून गेले. खुर्ची त्यांना आत्ताच दिसायला लागली होती, गॅरेजच्या दाराशी ठेवलेली.

पण माणूस मूळचा कारागीर. डबा आला त्या दिवशी 'मी बघणारसुद्धा नाही' म्हणत म्हणत ते सुनेच्या खांद्यावरून बघत उभे राहिले. तिनं आधी बॅटरीची वायर सोडली. डॅशबोर्डखालचा जुना कॉम्प्युटर काढला आणि नवा लगेच न बसवता मीटर घेऊन एकेक वायर तपासायला बसली.

"अगं, खोक्यावर लिहिलंय, सरळ बसतो म्हणून."

"खोकं आपल्या गाडीत डोकावून गेलंय का, बाबा?"

त्यांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घालवलं. सेन्सरच्या वायरी ओढताना तिनं त्या तापणाऱ्या पाइपापासून लांबून नेल्या. जोडाला पीळ घालून चिकटपट्टी गुंडाळायचं नाव नाही. प्रत्येक जोड चिमट्यानं दाबायचा आणि मग ओढून बघायचा, सुटतोय का ते. एक सुटला. तो तिनं कापून पुन्हा केला, कपाळाला आठी न घालता. आपण जन्मभर चिकटपट्टीवर संसार रेटला, म्हातारबुवांच्या मनात आलं, आणि हिचं काम बघत राहावंसं वाटतंय.

इंजिन सुरू झाल्यावर तिनं डब्याला लॅपटॉप जोडला आणि त्यांच्या हातात टायमिंगचा, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणारा, दिवा दिला. "लॅपटॉप म्हणतो ठिणगी दहा डिग्रीवर पडतेय. पुलीवरची खूण बघा, खरं बोलतोय का."

त्यांनी वाकून दिवा मारला. डोळे अजून शाबूत होते. "बारा दिसताहेत."

तिनं लॅपटॉपमध्ये फरक भरला, पुन्हा विचारलं, आणि खूण बरोबर दहावर येऊन थरथरत उभी राहीपर्यंत पुढे सरकली नाही. एवढा मोठा डबा आणला, पण लोखंडावर बघितल्याशिवाय त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. ही आपल्या जातकुळीची आहे, हे म्हातारबुवांनी त्या क्षणी मान्य केलं. मग त्यांनी गाडी रोलरवर चढवायला हात लावला. रोलरवर गाडी जागच्या जागी धावते, इंजिनाची खरी परीक्षा तिथेच होते.

ती लॅपटॉप मांडीवर घेऊन आत बसली आणि तिनं खिडकीतून एक हेडफोन बाहेर धरला. त्याची वायर डब्याला जोडलेली होती.

म्हातारबुवा एक पाऊल मागे सरकले. कळलं हिला. "मला कशाला?" ते तुटकपणे म्हणाले. "तुझा डबा ऐकतोय की."

"डब्याला आवाज झाला एवढंच कळतं. कशाचा झाला ते कळत नाही. मलाही कळत नाही, बाबा. तुम्हाला कळतं."

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण हात आधीच पुढे गेला. त्यांनी हेडफोन चढवला आणि जागीच थिजले. इंजेक्टरची टिकटिक. व्हॉल्व्हची चुळबूळ. पट्ट्याची कुजबूज. गेलेली मंडळी सगळीच्या सगळी परत आली होती. आवाज जरा जाड झाले होते, पण ओळखू येत होते. म्हातारबुवांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही, कारण हात हलवला तर आवाज जातील असं त्यांना वाटलं.

तिनं ॲक्सिलरेटर दाबला. रोलर घुमायला लागले, आणि एका ठरावीक वेगाला लॅपटॉपवर टकटकीची लाल रेघ उसळली. डब्यानं घाबरून ठिणगी मागे, म्हणजे उशिरावर, घेतली, इंजिन मरगळलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिनं काचेतून त्यांच्याकडे बघून भुवया उंचावल्या.

त्यांनी डोळे मिटले. "हे आतलं नाही," ते म्हणाले. "पत्रा वाजतोय. टर्बोच्या खाली."

इंजिन जरा निवू देऊन तिनं खाली हात घातला. टर्बोखालच्या पत्र्याचा बोल्ट ढिला होता. तो पत्रा त्यांनीच बसवला होता, आणि तेव्हापासून तो वाजत असणार. त्यांना ऐकू येत नव्हतं, इतकंच. म्हातारबुवांनी मान खाली घातली. सुनेनं बोल्ट आवळला आणि परत आत जाऊन बसली.

या वेळी लाल रेघ गप्प राहिली. सून ठिणगी थोडी थोडी पुढे सरकवत गेली. इंजिन मोकळं होत गेलं, खुल्या गळ्यानं गायला लागलं, आणि मग त्या गाण्यात काचेवर खडा पडावा तसा एक आवाज आला. म्हातारबुवांचा हात वर गेला. तिनं पाय तिथल्या तिथे उचलला आणि ठिणगी मागे घेऊन पक्की केली. अशी ओळीनं सगळ्या वेगांची तपासणी झाली. त्यांनी हात वर करायचा, तिनं थांबायचं.

काम संपल्यावर त्यांनी हेडफोन काढला. जग पुन्हा कापूस भरल्यासारखं झालं. ती बाहेर येऊन समोर उभी राहिली.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

तिनं भिंतीवरचा स्क्रू-ड्रायव्हर काढून त्यांच्या हातात दिला. "हा पुसायला घेतला होता. मुठीवर दात उमटलेत, बाबा."

त्यांनी अंगठा फिरवला. खरंच उमटले होते, चांगले ठसठशीत. "मग बोलली नाहीस ती?"

"काय बोलायचं? समोर येऊन बोलायला लागले."

म्हातारबुवांनी मुठीवरून पुन्हा अंगठा फिरवला. चढलेला आवाज आठवला, डोळ्याला भिडवलेला डोळा आठवला, आणि बायकोजवळ केलेली सगळी बडबड आठवली. लाज वाटली, आणि लाजेहून जास्त माया वाटली.

ती हात धुवायला नळाकडे वळली. पाठमोरी असताना तिचा खांदा हलला, म्हणजे ती काहीतरी बोलली असावी. एरवी त्यांनी "हो, हो" करून वेळ मारून नेली असती.

"ऐकू नाही आलं मला," ते म्हणाले. "पुढ्यात येऊन सांग."

ती ओल्या हातांनी समोर आली. "म्हटलं, उद्या एक पांढरी व्हॅन येणारेय. ऐकायला वेळ आहे ना तुम्हाला?"

"आहे," म्हातारबुवा म्हणाले आणि दोन्ही हातांनी हेडफोनची वायर नीट गुंडाळायला लागले.