दुखण्यातली सूट

बाजारातले लोक त्यांना तराजूराव म्हणत, आणि त्याचा त्यांना राग येत नसे. खिळे, बिजागऱ्या, कुलपं आणि नळाच्या तोट्या विकता विकता त्यांना माणसंही जोखायची सवय लागली होती. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं, की हा घासाघीस करणार, हा उधारी मागणार, हा नुसता हात लावून जाणार, हे ते मान वर न करता सांगत. आपल्याला शेंडी लावणारा अजून जन्मायचा आहे, असं त्यांचं स्वतःबद्दल मत होतं. बायकोचं मत वेगळं होतं, पण ते सांगायला ती कधी दुकानात आली नाही.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने नर्सिंगच्या पदवीला नाव घातलं. चार वर्षांची पदवी. तराजूरावांच्या घशाखाली उतरेना ते हे चार.

"इंजेक्शन टोचायचं, चादर बदलायची, ताप बघायचा," ते मेहुण्यापुढे बोटांवर मोजत. "ह्याला चार वर्षं? तेवढ्यात माणूस घर बांधून, त्याला ओल येऊन, ते विकूनही टाकतो."

"भाऊजी, पोरगी हुशार आहे," मेहुणा गल्ल्याशेजारच्या स्टुलावरून म्हणे. त्या स्टुलावर तो बरीच वर्षं नुसता बसून होता, त्यामुळे इतरांना कामाला लावायची त्याला भारी हौस. "गल्ल्यावर बसवा. दुकान चालवायला तुम्हाला तरी दुसरं कोण आहे?"

मेहुणा स्वतःला मोजत नव्हता, ही एक गोष्ट दोघांनाही मान्य होती.

दुसरं वर्ष निम्मं सरलं आणि तराजूरावांनी जेवता जेवता मुलीपुढे सौदा ठेवला. "आता जी प्रात्यक्षिक परीक्षा आहे, तीत पास झालीस तर मी पुन्हा ह्या विषयावर तोंड उघडणार नाही. नापास झालीस, तर सोमवारपासून दुकानात. बोल."

मुलीने शेवटचा घास संपवला. "चालेल. पण परीक्षेला पेशंट म्हणून तुम्ही यायचं."

"मी? मला काय धाड भरलीय?"

"धाड भरलेली माणसं परीक्षेला नाही देत, बाबा. घरच्यांना बोलावतात. कुणाच्या वाट्याला कोण येईल हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. मी कदाचित दुसऱ्याच कुणाच्या वडिलांना तपासत असेन. पण तुम्ही एकदा डोळ्यांनी बघून तर जा, वेळ कशात जातो ते."

माल फुकट दाखवतायत तर बघायला काय हरकत, असा विचार करून तराजूराव हो म्हणाले.

कॉलेजातला तो सरावाचा वॉर्ड त्यांनी आधी दारातूनच जोखायला घेतला. लोखंडी पलंगांच्या दोन रांगा, प्रत्येक पलंगाला वरखाली होणारा कठडा, पडदे, टेबलावर ताटं मांडावीत तशी मांडलेली अवजारं. कोपऱ्यातल्या पलंगावर एक रबराचा बाहुला निजला होता, आणि त्याची छाती वरखाली होत होती. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून तराजूरावांनी त्याच्या मनगटाला बोट लावलं. मनगट ठकठक करत होतं. त्यांनी बोट असं मागे घेतलं, जसं काही त्याची परवानगी घ्यायची राहून गेली होती.

बेसिनजवळ मुलामुलींची रांग होती. हात धुणं चाललं होतं. म्हणजे तराजूरावांना आधी ते हात धुणं वाटलं. मग त्यांनी नीट पाहिलं. बोटांच्या बेचक्या, अंगठ्याचं मूळ, नखांच्या कडा, मनगटाची मागची बाजू. एकही जागा चुकत नव्हती आणि कुणी घाई करत नव्हतं. आपण जन्मभर हात नुसते ओले करत आलो, असं त्यांना वाटून गेलं.

पलीकडे एक किडकिडीत मुलगी निर्जंतुक हातमोजे चढवत होती. दुसरा मोजा घालताना तिच्या उघड्या अंगठ्याचं टोक मोज्याच्या बाहेरच्या अंगाला पुसटसं लागलं. लगेच तिने दोन्ही मोजे काढले, डब्यात टाकले आणि नवीन पाकीट फोडलं.

"कुणी बघितलं नव्हतं हो," तराजूराव न राहवून म्हणाले.

मुलीने आश्चर्याने मान वर केली. "मी बघितलं ना, काका."

 तराजूरावांकडे आजवर कामाला राहिलेली सगळी माणसं त्यांनी मनात एका ओळीत उभी केली. ओळीच्या शेवटी स्वतःही उभे राहिले. त्या ओळीत असं उत्तर देईल असा माणूस सापडेना.

"पेशंट ना तुम्ही? झोपा." हा आवाज परीक्षक मॅडमचा. विद्यार्थी त्यांना पाठीमागे कात्री म्हणत, आणि त्यांचं बोलणं ऐकल्यावर का ते विचारावं लागत नसे. त्यांनी तराजूरावांच्या मनगटाला दुसऱ्याच नावाची पट्टी बांधली आणि एक कार्ड हातात दिलं. "हे पाठ करा. काल तुमच्या पोटाचं ऑपरेशन झालंय. दुखणं दहापैकी आठ आहे, पण तुम्ही सोशिक आहात, कमी सांगता. पहिल्यांदा विचारलं की पाच म्हणायचं. नीट विचारलं तरच आठ."

"नीट म्हणजे कसं?"

"कळेल तुम्हाला. आणि उगाच मदत करू नका."

मदत! तराजूराव गालात हसले. खरा आकडा पोटात ठेवून तोंडाने दुसरा सांगणं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

पडदा सरकला आणि आत आली ती त्यांचीच मुलगी. चिठ्ठीने डाव साधला होता. मॅडमनी नातं ऐकलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "वॉर्डात आपलं माणूस समोर येतं तेव्हा चिठ्ठी बदलून मिळत नाही. कर सुरू."

मुलीने हात धुतले आणि पलंगाशी आली. "नमस्कार काका. आज मी तुमची नर्स आहे. पूर्ण नाव सांगाल?"

काका! तराजूरावांना हसू फुटणार होतं, पण तिचे डोळे हसत नव्हते. त्यांनी मुकाट्याने नाव सांगितलं.

"पट्टीवर वेगळं नाव आहे, काका."

"हां, तेच ते," म्हणून त्यांनी पट्टी वाचून दाखवली. मॅडमचं पेन हललं. पहिलाच घास आणि त्यात खडा. तराजूरावांच्या कपाळावर घाम आला. परीक्षा आपली नाही हे ते तोवर विसरून गेले होते.

मुलीने त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली आणि छातीवर उलट्या टांगलेल्या घड्याळाकडे पाहत राहिली. पाहतच राहिली. एवढा वेळ? हिला नाडी सापडेना की काय?  सौदा आपणच केला होता; हरली तर दुकानाला माणूस मिळणार होतं, फायदा सगळा आपल्या पारड्यात. तरी त्या पारड्याकडे त्यांना बघवेना.

मॅडमनी एक कागद मुलीपुढे धरला. "मोजलंस ना? आता ह्यांचे आकडे हे धर."

मुलीने ते वाचले, हातातल्या सकाळच्या नोंदींशी ताडून पाहिले आणि विचारलं, "काका, दुखतंय का? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही."

इथे तराजूरावांमधला व्यापारी जागा झाला. आवडत्या माणसाला ते न मागता सूट देत. हलकं दुखणं म्हणजे हलकी परीक्षा, असा त्यांनी झटकन हिशेब केला आणि कार्डावरचा पाच सोडून ते म्हणाले, "दोन."

मॅडमनी डोळे मिटून घेतले.

मुलीने दोन लिहिलं. आता ती जाईल, सुटली बिचारी, असं तराजूरावांना वाटलं. पण ती गेली नाही. तिने कठडा खाली घेतला, स्टूल ओढलं आणि बसली, तिचे डोळे त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत आले.

"तुम्ही दोन म्हणालात, मी दोनच लिहिलं. पण काका, हे जुळत नाही. नाडी सकाळपेक्षा बरीच चढलीय, रक्तदाब उतरलाय, श्वास वाढलाय. दोन दुखणाऱ्या माणसाचं असं होत नाही."

"श्वास कधी मोजलास?" तराजूराव भूमिका सोडून बोलले.

"नाडी मोजून झाली तरी मी हात सोडला नव्हता. श्वास मोजतेय असं सांगितलं, की माणूस शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो. म्हणून सांगत नाही आम्ही."

तराजूराव उशीवर डोकं टेकवून वर बघत राहिले. एवढ्या जवळून, त्यांचा हात हातात घेऊन, त्यांच्या डोळ्यांदेखत तिने त्यांना शेंडी लावली होती, आणि तीही त्यांच्याच भल्यासाठी. अशी फसवणूक त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. उठून कुणाला तरी सांगावं असं त्यांना वाटलं.

"लोक आम्हाला दुखण्यात सूट देतात," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "कुणी घरच्यांसाठी, कुणी आमची धावपळ बघून. तुम्ही कुणासाठी कमी करताय?"

कार्डावर ह्याचं उत्तर नव्हतं. "मुलीसाठी," तराजूराव म्हणाले. आपला आवाज त्यांना परका वाटला. "घाबरेल ती."

मुलीची बोटं चादरीवर एकदा आवळली गेली आणि सैल झाली.

"नाही घाबरणार. तिला खरा आकडा द्या."

"आठ."

ती उठली. घंटा दाबली, वळून भिंतीवरचा फोन उचलला आणि डॉक्टरांना सांगितलं: कोण बोलतेय, कोणता पेशंट, कालपासून काय बदललं, आतल्या आत रक्तस्राव होत असावा अशी शंका का येते, आणि तुम्ही आत्ता यायला हवं. एक शब्द फालतू नाही. विनवणी नाही, आरडाओरडा नाही. लहानपणी गोष्ट सांगताना शेवट विसरून झोपून जाणारी ही पोर! तराजूराव श्वास रोखून ऐकत होते. आता त्यांचा श्वास कुणी मोजला असता तर काहीच हाती लागलं नसतं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पेशंटने घोळ घातला, तरी तू बरोबर जागी पोचलीस. हे दुसऱ्या वर्षात मी क्वचित बघते." मग त्यांनी पलंगाच्या कडेकडे बोट केलं. "कठडा."

स्टुलावर बसताना खाली केलेला कठडा खालीच होता. मुलीने तो पाहिला आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"नापास," मॅडम म्हणाल्या. "पंधरवड्याने पुन्हा."

"अहो मॅडम!" तराजूराव ताडकन उठून बसले. "मी पडलो कुठे?"

"तुम्ही धडधाकट आहात. रक्तदाब उतरलेला माणूस, ती पाठमोरी असताना उठायला गेला असता, तर?"

"बाकी सगळं तर चोख केलं. तेवढं थोडं इकडेतिकडे करा."

"थोडं इकडेतिकडे झालं, की पेशंट पलंगाखालच्या फरशीवर असतो."

"पण चूक माझी! मीच मध्ये काहीतरी बोललो, पोरगी गडबडली..."

"बाबा," मुलगी म्हणाली. "मॅडमचं बरोबर आहे."

 सबबी घेऊन येणारी माणसं तराजूराव रोज बघत. हिच्या हातात तर बापाने स्वतःहून आणून दिलेली, अगदी खरी सबब होती, आणि तिने ती तशीच बाजूला ठेवली. ती किडकिडीत मुलगी डब्यात मोजे टाकते, तितक्या सहज. इथे हे शिकवतात तरी कसं? फळ्यावर लिहून?

मॅडम पुढच्या पलंगाकडे गेल्या. मुलीने कठडा हाताने चाचपला, खडखडवून पाहिला. "ठरलं ते ठरलं," ती म्हणाली.  "सोमवारी येते दुकानात."

"नाही यायचं."

"सौदा झालाय."

"मोडला मी."

"तुम्ही कधी मोडत नाही."

"आज मोडला म्हणतोय ना!" तराजूराव खेकसले आणि लगेच आवाज खाली आणला. "दुकानाला मी आहे, तुझा मामाही आहे. त्याला आता स्टुलावरून उठवतो. तू इथलं जे राहिलंय ते सगळं शिकून घे. पंधरवड्याने पुन्हा परीक्षा दे. त्यातही राहिलं, तर पुन्हा दे. मी विचारणार नाही."

मुलीने एकदम मान फिरवली आणि उशी ठाकठीक करायला घेतली. ती अगोदरच ठाकठीक होती. मग ती म्हणाली, "उठा आता. पुढच्या पेशंटसाठी चादर बदलायचीय. एकदम नाही, सावकाश. पाय खाली सोडून बसा आधी. चक्कर येते का?"

"मी कुठे आजारी आहे?"

"विचारायचं असतं."

तराजूरावांनी पाय खाली सोडले. तिने एक हात त्यांच्या पाठीशी धरला होता, न टेकवता, पण पडले तर नक्की सापडतील इतक्या जवळ. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, ओठांचा रंग, डोळे, मान. बाजारात कुणी कुणाकडे बघत नाही तसं. बाजूच्या पलंगावर कुणाचे तरी वडील आपलं नाव चुकवत होते. ती "उठा" म्हणेपर्यंत तराजूराव पलंगाच्या काठावर मुकाट बसून राहिले.