जरीची चिंधी

"चिंधी लोंबत असली तर चाल. फडफडली तर हळू चाल. काठीवानी ताठ झाली की थांब. मग पलीकडं देव का उभा असंना, त्योबी थांबंल."

असं सांगणारे सिंधूचे वडील, बसलिंगप्पा, भोकरला तीस वर्षं ट्रक चालवत होते. आरशाच्या दांडीला वीतभर चिंधी बांधल्याशिवाय त्यांनी कधी गाडी काढली नाही. ते गेल्यावर नवऱ्याच्या गाडीपुरतं ते काम सिंधूने आपल्याकडे घेतलं. सकाळी देवापुढे दिवा लागला की जुन्या सुती लुगड्याची चिंधी फाडायची, आरशाला बांधायची, मगच तोंडात चहाचा घोट. वैजनाथ हसायचा, पण गाडी चालवताना चिंधीकडे बघायचा.

आज ती त्याच्या शेजारीच बसली होती. उदगीरहून भरलेली हरभऱ्याच्या भुशाची पोती मागे घराएवढी उंच रचलेली, आणि वजनाला काहीच नाही. कंधार पाच किलोमीटरवर राहिलं होतं. तिथल्या दवाखान्यात पुनम होती. पहिलंच बाळंतपण, बाळ आडवं, पाच वाजता ऑपरेशन. "माय, तू उशाला आल्याबिगर मी आत जात न्हाई," लेक सकाळी फोनवर म्हणाली होती. आणि सिंधूने शब्द दिला होता, "पाचच्या आत येते."

पावणेचार होत आले होते. डाव्या अंगाला माळावर आभाळ मातकट झालं आणि वाऱ्याचा पहिला लोट बसला. गाडी हातभर उजवीकडे सरकली. समोरून येणारा मोटारसायकलवाला गाडी आडवी टाकून रस्त्याकडेला बसूनच राहिला.

"काय झालं?"

"काय न्हाई. गाडी लाडात आली," वैजनाथ म्हणाला. पण एरवी एका हाताने चालवणाऱ्या माणसाने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं.

मागून एक ट्रक भोंगा वाजवत पुढे निघून गेला.

"बघ, त्यो गेला. आपणच नव्या नवरीवानी चाललोय."

"त्याच्या पोटात सिमेंट हाय. आपल्या पोटात भुस."

"मग तुझ्या बापाला इचार. चिंधी काय म्हनून राहिली?"

सिंधूने आपल्या बाजूच्या आरशाकडे पाहिलं. "फडफडतीय."

"म्हंजे हळू चाल. कायदा तुमच्याच घरचा. पुढं तलावाचा भराव तेवढा वलांडला की कंधार आलंच."

सिंधूला हायसं वाटलं. आणि तेवढ्यात चिंधीवर काहीतरी चमकलं.

जरीचा धागा होता तो. सकाळी फोन आला, आणि गाठोड्यात हाताला लागलं ते तिने फाडलं. लग्नातल्या लुगड्याचा काठ. चांगला जाड, दुहेरी विणीचा. सुती चिंधी असती तर केव्हाच ताठ झाली असती.

ती गप्प बसली. चिंधी फडफडतेय हे काही खोटं नव्हतं. अजून दहा मिनिटं, की पुनमचा हात तिच्या हातात असता. तिने मनात नाम घ्यायला सुरुवात केली, पण ते नेमकं अर्ध्यावर अडायचं. पुन्हा सुरू करायचं, पुन्हा अडायचं.

दुसरा लोट आला. मागच्या ताडपत्रीत वारा शिरला, दोर करकरले. सिंधूच्या बाजूचं अंग अलगद वर उचलल्यासारखं झालं आणि धपकन खाली बसलं. समोर भराव दिसायला लागला होता. दोन्हीकडे उघडा, एक झाड नाही.

"अहो, थांबवा."

"आता तर फडफडतीय म्हनलीस."

"जरीची हाय. सकाळी घाईत काठ फाडला मी. जड हाय, म्हनून उठंना." ती थांबली. "मला मघाच कळलं होतं."

वैजनाथने तिच्याकडे एकदा पाहिलं. मग गाडी हळूहळू दाबत खडी केंद्राच्या उंच भिंतीआड नेऊन उभी केली.

सिंधू खाली उतरली. अंगावरच्या सुती लुगड्याच्या पदराची कड दातांनी फाडली, भिंतीच्या कोपऱ्याबाहेर हात काढून धरली. काठीसारखी ताठ.

वैजनाथने गमछ्याने तोंड पुसलं. "भरावावर उलटलो असतो," तो हळूच म्हणाला. मग, "पुनमला फोन लाव. वारा पडल्यावर येतो म्हन."

"न्हाई. शब्द दिलाय."

"चार किलोमीटर हाय, सिंधे. आन् गुडघे तुझे."

"भरावाच्या खालनं पायवाट हाय, वारा लागत न्हाई तिथं. तुमी गाडी हलवू नका. ही लोंबंपर्यंत." तिने आरशाची जरीची चिंधी सोडली, भिंतीच्या कोपऱ्यावर वाऱ्यात आलेल्या गजाला सुती बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली.

चार वाजले होते. बाळाच्या दुपट्यांची पिशवी तिने छातीशी धरली, पदर डोक्यावरून घट्ट लपेटला, आणि मागे न बघता भरावाच्या पोटाशी असलेल्या पायवाटेला लागली.