गुरामीचं फेसाचं घरटं

सून सांगितलेलं तेवढंच करते, याचा चिमाबाईला भारी जाच होता. उलटून बोलली तर भांडता तरी येईल. शीला पदर सावरून ‘व्हय आत्या’ म्हणे आणि कामाला लागे.

घट बसायला चार दिवस राहिले होते. महाळुंग्यात घरोघर धुणी निघाली होती. चिमाबाईनं सकाळीच फर्मावलं, “घरातलं एक भांडं बिनधुतलं ऱ्हाता कामा नाय. आन् मला इचारत बसू नको.” गोधड्यांची गठुडी ट्रॅक्टरवर टाकून ती लेकाबरोबर, हनुमंताबरोबर, कालव्यावर गेली.

याच हनुमंतानं उन्हाळ्यात मंचरहून काचेची पेटी आणली होती, आणि बोटाएवढ्या गुरामी माशांची जोडी. लोडशेडिंगमध्ये पंप बंद पडला तरी हे मासे वर येऊन हवा घेतात, असं दुकानदारानं सांगितलं होतं. “म्हशीला पानी दावायला येळ नाय, आन् ह्यांना काचंचा म्हाल!” असं म्हणणाऱ्या चिमाबाईनं महिन्याभरात पेटीसमोर स्वतःच पाट मांडला. निळ्या-तांबड्या पट्ट्यांच्या नराला ती कारभारी म्हणे. आठवडाभर कारभारी बुडबुडे सोडून कोपऱ्यातल्या पानाखाली फेसाचं घरटं बांधत होता. काल त्यात खसखशीएवढी अंडी दिसली. नर राखण करी, मादीला फिरकू देईना.

“बाईनं घालायची आन् बाप्यानं राखायची. असलं घर मला नाय मिळालं!” चिमाबाई खूश झाली होती. ‘काचंत मासं मरत्यात, पिल्लं व्हत नाय,’ असं शेजारच्या कुशाबाईनं चारचौघींत ऐकवलं होतं. तिला लगेच आवतण गेलं: परवा ये, पिल्लं बघायला.

दुपारी चिमाबाई कालव्यावरून परतली तर पेटी लखलखत होती. खडे घासलेले, पानं धुतलेली, बोअरचं नवंकोरं पाणी. मासे जिवंत होते. कारभारी मोकळ्या कोपऱ्यात वर येई, बुडबुडा सोडी, तो फुटे. पुन्हा सोडी.

“जुनं पानी कुठं वतलं?”

“अळवाला.”

चिमाबाई परसात धावली, अळवाच्या बुडाशी उकिडवी बसली. चिखलानं सगळं पिऊन टाकलं होतं. तरी तिनं बोट फिरवून पाहिलं.

“काय हारवलं गं, चिमे?” कुंपणापलीकडून कुशाबाई.

“काय नाय. उद्या येऊ नगंस.” एवढं बोलताना तिचा जीव गेला.

घरात येऊन ती सुनेवर कडाडली, “फेस दिसला नाय तुला?”

“दिसला.”

“आन् अंडी?”

“ती बी दिसली.” शीला जमिनीकडं बघत म्हणाली. “हात आडला व्हता माजा. पर तुमी म्हनला, इचारू नको. मागं एकदा इचारलं, तवा चार बायांत म्हनलात, हिची अक्कल म्हायेरी ऱ्हायली.”

चिमाबाईनं चिखलाचं बोट पदराला पुसलं. दारात ओल्या गोधड्या घेऊन हनुमंत उभा होता.

“ऐक शीला,” चिमाबाई म्हणाली. “निम्मी अंडी माज्या जिभंनं बुडवली, निम्मी तुज्या मुक्या तोंडानं. माजी जीभ काय आता सुदरायची नाय. तवा तू आडवं बोलायला शीक. नंदीबैल दारावर येतो तेवढा बास. घरात मान डोलवनारी सून मला नको.”