हुमणीचा कर्दनकाळ

सुभेदार आप्पासो पलटणीतून कोरेगावला परतले ते भुंगेऱ्यांचं वेड घेऊनच. भुंगेरा दिसला की धरायचा, टाचणीला टोचायचा आणि डब्यात ठेवायचा. डबे अर्थातच बायकोचे. हळदीचा गेला, जिऱ्याचा गेला, लोणच्याची बरणीसुद्धा गेली. "सुपारीच्या डब्याला हात लावाल तर गाठ माझ्याशी हाय," असं विजयमालाबाईंनी बजावलं होतं, आणि सीमेवर कुणाला न भ्यालेले सुभेदार त्या डब्याला मात्र भिऊन होते.

एवढं गोळा करूनही एक जागा रिकामीच होती. लांब मिशांचा निळा भुंगेरा. तरुणपणी महाबळेश्वरात तो आप्पासोंच्या हातावर बसून उडून गेला, त्याची हळहळ त्यांना आयुष्यभर पुरली.

गावाचा समज वेगळाच. उसाची मुळं खाणाऱ्या हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी दिव्यावर येतात. मग दिव्याखाली भुंगेरे वेचणारा माणूस हुमणीच मारत असणार, की दुसरं काय! गावानं 'हुमणीचा कर्दनकाळ' म्हणून आप्पासोंचा सत्कार ठेवला. त्यांनीही खुलासा केला नाही. फुकटची शाल कुणाला नको असते?

दिवेलागणीला स्टेजवर हॅलोजन लागला. साखर कारखान्याचे चेअरमन भाषणाला उभे राहिले, आणि त्यांच्या फेट्यावर अलगद येऊन बसला तो निळा भुंगेरा! आप्पासोंची नजर फेट्यावरून हलेना. पुढाऱ्याचं भाषण संपू नये असं वाटणारा गावातला तो पहिलाच माणूस.

पण गर्दीतल्या केरबा शेतकऱ्यानं ते पाहिलं. त्याला सगळे भुंगेरे सारखेच.

"आवं आप्पासो, हुमणी! हाणा की!"

गाव पायताण काढून उभं राहिलं. मारावा तर जन्माची आस जाते, वाचवावा तर कर्दनकाळाच्या अब्रूचं खोबरं होतं. आप्पासोंना अगदी रडू फुटायचं बाकी राहिलं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून विजयमालाबाई ताडकन उठल्या, स्टेजवर चढल्या आणि पिशवीतला सुपारीचा डबा काढून त्यांनी फेट्यावर उपडा मारला. सुपारी चेअरमनच्या सदऱ्यात गेली. खालून झाकण सरकवत बाई गावाला म्हणाल्या, "मेली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "वाचवलंत, वहिनी," चेअरमन हात जोडून म्हणाले.

घरी जाताना आप्पासोंनी डबा कानाला लावला. आत खरखर चालू होती. त्यांचे डोळे भरून आले.

"तुला कसं कळलं गं, हाच तो म्हणून?"

"तुमचं तोंड बघितलं. लग्नात मला बघून सुदिक एवढं फुललं न्हवतं," बाई म्हणाल्या. "उद्या नवा डबा आणा. कुलपाचा."