मुरमानच्या दारातलं लाडकं

मी कुंपणाबाहेरचं रानटी आलुबुखाराचं झाड बोलतोय. वर बघून बोला, नाहीतर एक टाकीन टाळक्यात.

माझा जन्म थुंकीतून झाला. खोटं कशाला सांगू? मुरमान दहा वर्षांचा होता. शेजारच्या वाझाबरोबर कच्ची फळं चोरून आणली, मीठ लावून खाल्ली आणि बी कोण लांब थुंकतो याची पैज लावली. मुरमान हरला. त्याची बी इथंच, कुंपणाच्या पायाशी पडली. ती मी. म्हणजे तसा बापच की माझा. पण बापानं कधी तांब्याभर पाणी घातलं असेल तर शपथ.

चालायचं. लामारा होती ना, मुरमानची बायको. दर मे महिन्यात बादली घेऊन यायची, हिरवी फळं ओरबाडायची, काटा लागला की मला शिव्या द्यायची. घरी जाऊन लसूण नि रानपुदिना घालून त्केमाली शिजवायची. ती आंबट चटणी नसेल तर आमच्या इमेरेती प्रांतात कोंबडीला कुणी हात लावत नाही. वास इथवर यायचा. मी आपला फुगून उभा.

मग मुरमाननं कुताइसीच्या बाजारातून ते आणलं. कलमी आलुबुखाराचं रोप. अंड्याएवढी गोड फळं येणार म्हणे. स्वयंपाकघराच्या दाराशी लावलं. खत काय, चुना काय. थंडीत त्याला स्वतःचा जुना कोट गुंडाळला. माझ्या अंगावर बर्फ आणि त्याच्या अंगावर कोट! जळून कोळसा झालो. म्हणून उन्हाळ्यात मुरमान खालून गेला की नेम धरून पिकलेलं फळ सोडायचो. टोपीचा पार नकाशा केला.

त्या शरदात द्राक्षं तुडवून झाल्यावर जेवण होतं. मुरमाननं शिंग भरून वाईन उचलली नि सगळ्यांसमोर म्हणाला, तिसऱ्या उन्हाळ्यात याची फळं तुमच्या पुढ्यात ठेवीन आणि त्याच दिवशी बाहेरचं रानटी तोडीन. आमच्यात शिंग उचलून बोललेलं मागे घेता येत नाही. वाईन पोटात गेली की शब्दही गेला. माझी पानंच गळाली.

मार्चमध्ये कडाक्याचं हिव पडलं आणि लाडकं काळं ठिक्कर झालं. मला काय आनंद! पण महिन्याभरात बुडातून हिरवे कोंब. मुरमान नाचला, पुन्हा खत घातलं. लामारा काहीतरी म्हणाली, त्यानं तिला उडवून लावलं. ते मेलं माझ्याहून जोमानं वाढलं.

तिसरा उन्हाळा आला. टेबल मांडलं, कुऱ्हाड धार लावून भिंतीला टेकवली. मुरमाननं परात आणली. फळं पिवळी, गोटीएवढी. वाझानं पहिलं तोंडात टाकलं नि त्याचा एक डोळाच मिटला.

"मुरमान, हे तर आपण लहानपणी चोरायचो ते."

कलम कधीच मेलं होतं. बाजारवाले कलम बांधतात ते आमच्याच जातीच्या बुंध्यावर, आणि तोच बुंधा वाढला होता. ज्याच्यावर तीन वर्षं जळलो, तो माझाच भाऊबंद.

वाझा हसायचा थांबेना. "रानटी तोडणार म्हणालास ना? आता कुठलं तोडतोस ते सांग."

मुरमाननं लामाराकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, हिरवं कलमाच्या गाठीच्या खालून येतंय. तू ऐकलंस का? मग म्हटलं येऊ दे. आंबट दारातच मिळेल, कुंपणापर्यंत तंगडतोड कशाला."

मुरमान उठला. मग शिंग भरलं, दोन्ही रानटींच्या नावानं प्यायला आणि कलमाचं फळच आलं नाही, मग शब्द कसला, म्हणत कुऱ्हाड आत नेऊन ठेवली.

वाचलो. पण यंदाचा मे गेला, जूनही गेला. लामारा दारातूनच हात वर करते, बादली भरते आणि आत जाते. वास येतो, पण माझ्या फळांचा नाही. माझी सगळी खालच्या ओढ्यात पडून सडतायत. फांद्या वाकल्यात.

तर तुम्ही या. चोरून आलात तरी चालेल. येताना मीठ तेवढं आणा. आणि काटा लागला तर चांगल्या मोठ्यानं शिव्या द्या, पार तिच्या दारापर्यंत ऐकू जायला हव्यात.